आस्वाद : समीक्षेतला आणि चुलीजवळचा
(वसंतातील फुलांच्या साहित्यिक चित्रणाचा पुनर्विचार)

प्रस्तावना

मराठी समीक्षेत 'आस्वाद' ही संज्ञा जितकी रुळलेली आहे, तितकाच तिचा मूळ अर्थ विस्मरणात गेलेला आहे. कवितेचा आस्वाद, कादंबरीचा आस्वाद, आस्वादक समीक्षा असे शब्दप्रयोग सहजपणे होतात. परंतु हा शब्द 'स्वद्' या धातूपासून, म्हणजे जिभेच्या अनुभवातून आला आहे, याची आठवण क्वचितच ठेवली जाते. भरताच्या नाट्यशास्त्रातील सहाव्या अध्यायात रससंकल्पना समजावून देताना योजलेला दृष्टांत भोजनाचाच आहे. नाना व्यंजनांनी संस्कारित झालेले अन्न खाणारा 'सुमनस्' पुरुष ज्याप्रमाणे रसांचा आस्वाद घेतो, त्याप्रमाणे प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतो, अशी ती मांडणी आहे. येथे 'सुमनस्' म्हणजे प्रसन्न मनाचा. आणि हाच शब्द संस्कृतात फुलालाही लावला जातो. चव, मन आणि फूल यांचा असा मेळ भारतीय काव्यविचाराच्या आरंभीच घातला गेलेला असताना, पुढील काळात फूल हा विषय साहित्यात आला की त्यातील चव मात्र गळून पडली, असे दिसते.

वसंत ऋतूच्या वर्णनांत ही बाब विशेषत्वाने जाणवते. चैत्र-वैशाखातील फुले साहित्यात बहुधा तीन ठिकाणी आढळतात : प्रियकर-प्रेयसीच्या भेटीची पार्श्वभूमी म्हणून उपवनात, अलंकार म्हणून केसांत आणि पूजाद्रव्य म्हणून देवघरात. प्रत्यक्ष महाराष्ट्रीय गृहजीवनात मात्र या फुलांचे चौथे ठिकाणही आहे. ते म्हणजे स्वयंपाकघर. कडुनिंबाचा फुलोरा, शेवग्याची फुले, मोहाची फुले, माठातल्या पाण्यात सोडलेला मोगरा ही त्याची परिचित उदाहरणे होत. प्रस्तुत लेखात वसंतातील फुलांच्या चित्रणाकडे या चौथ्या ठिकाणाहून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. फुलाच्या सौंदर्याचा आणि त्याच्या उपयोगाचा परस्परांशी विरोध असतो, हे गृहीतक मराठी प्रदेशातील जुन्या वाङ्मयाच्या व लोकव्यवहाराच्या कसोटीवर टिकत नाही. आणि हे गृहीतक मान्य केल्यामुळे फुले वेचणारे, निवडणारे व रांधणारे हात साहित्यविचारातून वगळले गेले, हा या लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

१. गाथासप्तशतीतील मोहफूल

महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा हा संग्रह परंपरेने हाल सातवाहनाच्या नावे ओळखला जातो. त्याचा आरंभ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास मानला जात असला, तरी आजचे रूप त्याला अनेक शतकांच्या भरीतून आले आहे. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये हा ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह मराठीत आणला आणि त्यातील लोकजीवनाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. गोदावरीचा काठ, शेते, गावकुसाबाहेरची झाडी आणि तेथे वावरणाऱ्या स्त्रिया हे या गाथांचे विश्व आहे.

या संग्रहाच्या दुसऱ्या शतकात मोहाच्या फुलांविषयीच्या दोन गाथा लागोपाठ येतात. पहिलीत एक स्त्री गोदाकाठच्या झाडीतील, फुलांच्या भाराने जमिनीपर्यंत वाकलेल्या मोहाला विनवते की, त्याने आपली फुले सावकाश गाळावीत. दुसरीत बहर संपल्यावर उरलीसुरली शेवटची फुले एक स्त्री रडत रडत वेचते आहे आणि ते वेचणे चितेतून आप्ताच्या अस्थी गोळा करण्यासारखे दिसते, अशी उपमा आहे. टीकाकारांनी या गाथांचा अर्थ संकेतस्थळाच्या अंगाने लावला. फुले वेचण्याच्या निमित्ताने त्या स्त्रीला झाडीत जाता येते. बहर संपला की निमित्त संपले आणि प्रियकराची भेटही संपली, असा तो अर्थ. दुसऱ्या गाथेत त्या स्त्रीला 'असती' म्हटलेले असल्यामुळे हा अर्थ निराधार आहे असे मुळीच म्हणता येत नाही. अलंकारशास्त्राने ध्वनीची उदाहरणे म्हणून या संग्रहातील गाथा वारंवार घेतल्या, त्याही अशाच सूचकतेमुळे.

तथापि व्यंग्यार्थाकडे जाण्याच्या घाईत वाच्यार्थ पुरेसा तपासला गेला नाही. मुळात मोहफुले वेचणे हे 'निमित्त' होऊ शकते ते कशामुळे? घरातील वडीलधाऱ्यांना त्याचा संशय येत नाही, कारण ते घरातील नेहमीचे आणि आवश्यक काम आहे. वेचलेली फुले घरी आलीच पाहिजेत. रिकामी टोपली घेऊन परतणे त्या स्त्रीला परवडणारे नाही. म्हणजेच गाथेतील शृंगार हा श्रमाच्या आधारावर उभा आहे. फुले सावकाश गळावीत या विनवणीत प्रियकराची ओढ आहे, तसेच हंगाम लांबावा ही कोणत्याही वेचणाऱ्या बाईची इच्छाही आहे. दोन्ही अर्थ एकाच वाक्यात नांदतात आणि एकामुळे दुसरा उणा होत नाही. शेवटच्या फुलांना अस्थींची उपमा सुचली, तीही वेचण्याच्या क्रियेतूनच. वाकून, एकेक करून, काहीही मागे न सोडता गोळा करण्याची ती क्रिया दोन्हीकडे समान आहे. जमिनीवरची फुले ज्याने कधी वेचलेली पाहिली नाहीत, त्याला ही उपमा सुचणे कठीण आहे. फिकट, पांढुरक्या, गळून पडलेल्या मोहफुलांचे रूपही या उपमेला बळ देते.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. मराठी प्रदेशाच्या ज्ञात वाङ्मयाच्या आरंभकाळी वसंतातील फूल हे पाहण्याची, वेचण्याची आणि घरी नेण्याची वस्तू एकाच वेळी होते. त्याचे काव्य त्याच्या उपयोगापासून वेगळे काढलेले नव्हते.

२. बकुळ आणि मोह : एकाच कुळातील दोन फुले

हे वेगळेपण पुढे कसे आले, याचा उलगडा बकुळ आणि मोह यांच्या तुलनेतून होऊ शकतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही झाडे एकाच कुळातील, म्हणजे चिकूच्या कुळातील आहेत. दोन्हींचे फूल रात्री वा पहाटे आपोआप गळते. गळताना पाकळ्यांचे कडे पुंकेसरांसह खाली येते आणि बीजकोश झाडावरच राहतो. म्हणूनच बकुळीच्या फुलाच्या मधोमध भोक असते आणि ती सुईवाचूनही ओवता येतात; मोहाचे मांसल फूलही असेच पोकळ असते. दोन्हींच्या बाबतीत फूल वेचल्याने फळाची हानी होत नाही. झाडाने स्वतः टाकलेलेच माणूस उचलतो.

निसर्गाने इतके साम्य ठेवले असताना संस्कृतीने या दोघांना फार वेगळी नशिबे दिली. संस्कृत काव्यसंकेतात बकुळीचा डोहाळा प्रसिद्ध आहे. सुंदर स्त्रीने मद्याची चूळ टाकली की बकुळ फुलते, असा तो संकेत. कालिदासाच्या मेघदूतातील यक्षाच्या बागेतही हा डोहाळा येतो. म्हणजे बकुळीच्या काव्यात मद्य आहे, पण त्यामुळे बकुळीला कोणी नावे ठेवली नाहीत. उलट ती रसिकांची झाली, केसांत गेली, पुस्तकाच्या पानांत जपली गेली. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये या नियमालाही बकुळ आणि प्राजक्त यांचा अपवाद सामान्यतः केला जातो.

मोहाच्या बाबतीत मात्र उलटे घडले. वास्तविक अभिजात काव्यात मोहाला मानाचे स्थान होते. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पार्वतीच्या विवाहप्रसंगी तिच्या केशभारावर दूर्वांसह फिकट मधूकपुष्पांची माळ बांधली जाते. रघुवंशातील स्वयंवरप्रसंगी इंदुमतीजवळही मधूकमाला आहे. गोंड समाजाच्या विवाहविधीत मोहाला आजही महत्त्व आहे. मात्र आधुनिक मराठी शहरी वाचकाच्या मनात 'मोह' म्हटल्यावर पहिली आठवण होते ती दारूची. एकाच कुळातील दोन फुलांपैकी ज्याला काव्यात मद्य शिंपडले गेले ते सुसंस्कृत ठरले आणि ज्यापासून गरिबाने मद्य काढले ते बदनाम झाले. हा भेद फुलांच्या गुणधर्मांतून आलेला नाही. तो फूल वापरणाऱ्यांच्या सामाजिक स्थानातून आलेला आहे.

या बदनामीला कायद्याचेही पाठबळ मिळाले. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये मोहफुलांविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातही मोहफुलांचा साठा व वाहतूक यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या तरतुदी आल्या. एखाद्या फुलाचा घरातील साठा हा शासकीय देखरेखीचा विषय व्हावा, याची दुसरी उदाहरणे फारशी सापडणार नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील वनवासींचा हक्क मान्य केला आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलन व साठवणुकीवरील निर्बंध शिथिल केले. परंतु कायद्याने बसवलेला शिक्का कायद्याने पुसता आला, तरी भाषेत रुजलेली तुच्छता तेवढ्याने जात नाही. ते काम साहित्याचे आणि समीक्षेचे आहे.

गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार वा पालघर या भागांत मोहफूल हे आधी अन्न आहे. वाळलेल्या फुलात साखरेचे प्रमाण मोठे असते. ती फुले भाजून, उकडून किंवा भाकरीच्या पिठात मिसळून खाल्ली जातात, त्यांचे लाडू होतात आणि पावसाळ्यातील टंचाईच्या दिवसांसाठी ती साठवली जातात. पहाटे झाडाखाली जाऊन फुले वेचणे हे प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले यांचे काम असते. अंगणात पसरलेली मोहफुले वाळत असताना त्यांचा जो गोड, दाट वास सुटतो, तो त्या घरांतील वसंताचा वास होय. मोगऱ्याच्या वासाइतकाच तोही साहित्याचा विषय होण्यास पात्र आहे.

३. घरातील वसंत : फूल घेण्याची मर्यादा

मराठी घरातील वसंताचा आरंभ गुढीपाडव्याला होतो आणि त्या दिवशीची पहिली चव कडू असते. कडुनिंबाची कोवळी पाने व फुलोरा, त्यात गूळ, चिंच, ओवा, मिरे, हिंग, जिरे आणि मीठ असे मिश्रण वाटून घरातील प्रत्येकाला दिले जाते. त्याच दिवशी आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकात उगादीची पचडी होते आणि तिच्यातही कडुनिंबाची फुले असतात. या विधीचे स्पष्टीकरण अनेकदा केवळ आरोग्याच्या भाषेत दिले जाते. पण आरोग्यच साधायचे असते तर हे मिश्रण महिनाभर घेतले गेले असते. ते वर्षारंभाच्या एका सकाळी, कुटुंबातील सर्वांनी मिळून, गोडाधोडाच्या जेवणाआधी घ्यावयाचे असते. म्हणजे त्याचा संबंध औषधापेक्षा आस्वादाच्या शिक्षणाशी अधिक आहे. कडुनिंबाचा फुलोरा वासाला सौम्य, मधुर असतो आणि पाल्याची चव कडू असते. गंधाने दिलेले वचन जीभ जसेच्या तसे पाळत नाही, हा अनुभव घरातील लहान मुलालाही त्या सकाळी मिळतो. अलीकडे अनेक घरांत या मिश्रणात फुलोरा गळून केवळ पाने उरली आहेत. शहरात बाजारातून आणलेल्या डहाळीला फुलोरा असेलच असे नाही आणि असला तरी तो निवडण्यास वेळ लागतो, हे त्याचे साधे कारण होय. परंतु त्यामुळे विधीतला कडूपणा टिकतो आणि गंध जातो, हेही लक्षात घ्यावयास हवे.

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत होणाऱ्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात फुलांचा आस्वाद अधिक गुंतागुंतीचा होतो. गौरीभोवती मोगरा, चाफा यांची आरास असते. आलेल्या सुवासिनीच्या हाताला अत्तर लावले जाते, अंगावर गुलाबपाणी शिंपडले जाते, आणि मग आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे व भिजवलेले हरभरे हाती येतात. डोळे, नाक आणि जीभ यांना क्रमाने काही देणारी ही एक सुघटित रचना आहे. यातील कैरी म्हणजे माघ-फाल्गुनात न तोडलेला मोहर. वसंतपंचमीला आंब्याचा थोडा मोहर देवाला वाहिला जातो, परंतु घराघरांतून मोहर खुडण्याची रीत नाही. फुलाचा उपभोग पुढे ढकलला की त्याची कैरी होते, हे शहाणपण या खाद्यपरंपरेत गृहीत धरलेले आहे.

शेवग्याच्या बाबतीत हाच हिशेब वेगळ्या रीतीने मांडला जातो. हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंताच्या सुरुवातीपर्यंत शेवगा फुलतो. त्याच्या फुलांची, हरभऱ्याचे पीठ पेरून केलेली भाजी अनेक घरांत आवडीने होते. सगळी फुले खुडली तर शेंगा मिळणार नाहीत. पण सगळ्याच फुलांची शेंग होत नाही आणि बरीच फुले गळून जातात, हेही खरे. त्यामुळे किती घ्यावे आणि किती ठेवावे, याचा अंदाज गृहिणीला करावा लागतो. हा अंदाज कोणत्याही पाककृतीत लिहिलेला नसतो.

घराच्या सुगंधी बाजूकडे वळल्यासही हेच आढळते. माठातल्या पाण्यात सोडलेली मोगऱ्याची दोनचार फुले किंवा वाळ्याची जुडी, हा उन्हाळ्यातील अत्यंत साधा पण परिणामकारक उपचार होय. फुलांची संख्या वाढली की पाणी उग्र लागते. येथे चव कमी घेण्यातून येते. मात्र गजऱ्यासाठी पिकवलेली फुले खाण्यापिण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांच्यावर फवारणी झालेली असू शकते. म्हणून ही पद्धत परसातल्या झाडापुरती मर्यादित ठेवणेच इष्ट आहे. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले परिसरात आणि गोव्यात सुरंगीचा बहर वसंतात येतो. फांद्यांना चिकटून येणाऱ्या तिच्या कळ्या उमलण्याआधी सकाळी काढाव्या लागतात आणि त्याच दिवशी त्यांचे वळेसर ओवावे लागतात. वळेसर सुकला तरी त्याचा वास राहतो. परंतु तो ओवण्यासाठी त्या दिवशी वाट पाहण्यास वाव नसतो.

या सर्व उदाहरणांतून एक समान सूत्र हाती येते. मराठी घरात फुलाचा उपयोग म्हणजे फुलाचा नाश नव्हे. मोह आणि बकुळ यांचे गळलेलेच घेतले जाते. आंब्याचा मोहर राखला जातो. शेवग्याचा वाटा ठरवला जातो. मोगरा मोजका वापरला जातो. सुरंगी वेळेत घेतली जाते. काय घ्यावे, किती घ्यावे आणि केव्हा घ्यावे, याची मर्यादा हाच या आस्वादाचा पाया आहे. समीक्षेत ज्याला 'औचित्य' म्हणतात, त्याच्याशी या मर्यादेचे जवळचे नाते आहे.

४. 'ऋतुचक्र' आणि पाकपुस्तके

आधुनिक मराठी ललित गद्यात ऋतुवर्णनाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून देणारे पुस्तक म्हणून दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) या पुस्तकाचा उल्लेख करावा लागतो. मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेल्या या पुस्तकातील 'वसंतहृदय चैत्र' हे प्रकरण पाठ्यपुस्तकामुळे अनेक पिढ्यांच्या परिचयाचे झाले. या प्रकरणाचे वाङ्मयीन महत्त्व असे की, संस्कृत संकेतांनी ठरवून दिलेल्या फुलांची यादी बाजूला ठेवून लेखिका प्रत्यक्ष पाहिलेल्या झाडांकडे वळते. पिंपळाच्या पालवीला फुलाइतके महत्त्व मिळते आणि नावानेच हिणवल्या गेलेल्या घाणेरीलाही तेथे सन्मानाने जागा मिळते. फुलांच्या जगातील उच्चनीचतेला दिलेला तो शांत नकार आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासकाची दृष्टी या लेखनामागे आहे, हे सहज जाणवते.

असे असले तरी 'ऋतुचक्र'मधील आस्वाद हा मुख्यतः डोळ्यांचा आणि नाकाचा आहे. फूल झाडावर असेपर्यंत निवेदन त्याच्याजवळ रेंगाळते. ते परडीत, सुपात वा कढईत गेल्यानंतरचा त्याचा प्रवास हा त्या पुस्तकाचा विषय नाही. याच लेखिकेने 'खमंग' हे पाककृतींविषयीचे पुस्तकही लिहिले, ही बाब येथे अत्यंत अर्थपूर्ण आहे. एकाच व्यक्तीच्या ठिकाणी निसर्गाचा आस्वाद आणि अन्नाचा आस्वाद एकत्र नांदत होता. परंतु वाङ्मयव्यवहाराने त्या दोन पुस्तकांची कपाटे वेगळी केली. 'ऋतुचक्र' ललित गद्याच्या इतिहासात गेले आणि 'खमंग' गृहोपयोगी साहित्यात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न मराठी समीक्षेने गांभीर्याने करावयास हवा. या विभागणीचा दोष लेखिकेकडे जात नाही; तो वाङ्मयप्रकारांच्या प्रतवारीकडे जातो.

पाकपुस्तकांचीही एक मर्यादा आहे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन मराठी स्वयंपाकघरात मोठी क्रांती केली. नवख्या गृहिणीला सासू वा आई जवळ नसतानाही स्वयंपाक करता येऊ लागला, हे त्या पुस्तकाचे ऐतिहासिक कार्य आहे. मात्र भाज्या, आमट्या, कोशिंबिरी, पक्वान्ने अशी पदार्थांच्या प्रकारानुसार मांडणी करण्याची जी पद्धत पाकपुस्तकांत रूढ झाली, तिच्यात ऋतू दुय्यम ठरतो. महिन्याभराच्या बहरापुरते मिळणारे फूल वर्षभराच्या कोष्टकात नीट बसत नाही. शिवाय फुलाचे माप वाटीपेक्षा ओंजळीत आणि सुपात अधिक स्वाभाविक असते. अशा रीतीने ललित लेखनाने फुलातून चव वगळली आणि पाकपुस्तकाने चवीतून ऋतू वगळला. वसंतातील खाण्याचे फूल या दोहोंच्या मधल्या फटीत राहून गेले.

जंगलातील जीवन जवळून पाहिलेल्या लेखकांच्या हातून ही फट काही प्रमाणात बुजली आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातील सेवेच्या काळात विदर्भातील अरण्ये अनुभवली. त्यांच्या 'जंगलाचं देणं' या पुस्तकाचे शीर्षकच या संदर्भात सूचक आहे. अरण्य हे 'देणारे' आहे असे म्हटले की घेणारा कोण, कसा आणि किती घेतो, हे प्रश्न आपोआप उभे राहतात.

५. दोन आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, फुलाकडे अन्न म्हणून पाहणे ही उपयुक्ततावादी दृष्टी आहे. ती सौंदर्यानुभवाला मारक ठरते. या आक्षेपाचे उत्तर गाथासप्तशतीनेच दिले आहे. मोह वेचणाऱ्या स्त्रीच्या मुखी जी विनवणी येते, तिच्या तोडीचे काव्य केवळ दुरून मोह पाहणाऱ्याला साधेलच असे नाही. हाताने, पाठीच्या कण्याने आणि जिभेने मिळालेले फुलाचे ज्ञान हे डोळ्यांनी मिळालेल्या ज्ञानाहून कमी सूक्ष्म नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोहफुलांसारख्या अन्नाचा गौरव करताना गरजेलाच आवड म्हणून सादर करण्याचा धोका असतो. टंचाईच्या दिवसांत पोट भरण्यासाठी खाल्लेले फूल आणि शहरातील प्रदर्शनात कौतुकाने विकत घेतलेला मोहाचा लाडू, या दोन्हींना एकाच अर्थाने 'आस्वाद' म्हणणे अन्यायाचे होईल. वेचणाऱ्यांची पहाट, वाकून धरलेली पाठ, वन्य प्राण्यांची भीती या गोष्टी त्या लाडवाच्या वेष्टनावर लिहिलेल्या नसतात. फुले स्वच्छ दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याच्या प्रथेमुळे वणवे लागतात, हीदेखील या व्यवहाराची एक अप्रिय बाजू आहे. लोकव्यवहार जसा आहे तसा, त्याच्या कष्टांसह आणि दोषांसह, समजून घेणे आवश्यक आहे; त्याला केवळ रम्य करून मांडणे ही जुन्या उपवनवर्णनाचीच नवी आवृत्ती ठरेल. म्हणूनच चव आणि श्रम यांची नोंद एकत्र घेणारे लेखन येथे अपेक्षित आहे. एकीला वगळून दुसरीचा गौरव केल्यास चित्र पुन्हा अपुरेच राहील.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) मराठी प्रदेशाच्या प्राचीन काव्यात वसंतातील फूल हे सौंदर्य, शृंगार आणि उपजीविका यांचे एकत्रित रूप होते. गाथासप्तशतीतील मोहफुलांच्या गाथा केवळ संकेतस्थळाच्या अंगाने वाचल्यास त्यांतील श्रमाचा आधार निसटतो.

२) बकुळ आणि मोह या एकाच कुळातील फुलांना मिळालेली भिन्न प्रतिष्ठा ही सौंदर्यमूल्यांची नसून सामाजिक प्रतवारीची निदर्शक आहे. कायद्याने ही प्रतवारी दीर्घकाळ दृढ केली.

३) मराठी घरातील फुलांचा वापर हा मर्यादेच्या जाणिवेवर आधारलेला आहे. गळलेले घेणे, राखून ठेवणे, वाटा ठरवणे, मोजके वापरणे आणि वेळ पाळणे ही त्याची पाच अंगे होत.

४) ललित गद्य आणि पाकपुस्तके यांच्या विभागणीमुळे खाण्याच्या फुलांचे ज्ञान लिखित परंपरेत विस्कळीत झाले. 'ऋतुचक्र' व 'खमंग' यांसारख्या पुस्तकांचे एकत्रित वाचन ही विभागणी ओलांडण्याची एक दिशा ठरू शकते.

वसंतवर्णनाचे मूल्यमापन करताना आजवर प्रतिमांची नवता, भाषेची लय आणि निरीक्षणाची सूक्ष्मता हे निकष लावले गेले. त्यांच्या जोडीला आणखी एक निकष लावणे गरजेचे वाटते. वर्णनातील फूल झाडावरून घरापर्यंत कोणाच्या हातांनी येते, हे त्या वर्णनाला ठाऊक आहे काय? शेवग्याची फुले निवडण्यात, कडुनिंबाचा फुलोरा खुडण्यात, पहाटेच्या अंधारात मोह वेचण्यात ज्या स्त्रियांचे वसंत गेले, त्यांनी फुलांविषयी फारसे लिहून ठेवलेले नाही. त्यांचे ज्ञान हातांत होते आणि ते हातांबरोबरच जात आहे. 'आस्वाद' हा शब्द ज्या समीक्षेने जिभेकडून उसना घेतला, तिने आता त्या ज्ञानाची दखल घेऊन ते ऋण फेडण्यास आरंभ करावा, हे अगत्याचे आहे.